गीतकार अज्ञात

त्याचा आवाज मला आधी भेटला, आणि चेहरा तब्बल चाळीस मिनिटांनी.

मी लिफ्टमध्ये अडकले होते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, एकटी, खांद्यावर मँडोलिनची पेटी आणि हातात आईने मागवलेल्या पावाची पिशवी. चौथ्या मजल्यावर चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासते. एरवी रोज जिना चढून जाते. त्या दिवशी मँडोलिनला नवीन तारा बसवून आणल्या होत्या, ओझं होतं, म्हणून म्हटलं एक दिवस चैन करावी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धोक्याचं बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येतंय. आता सोडा ते बटण."

"तुम्ही कोण?"

"लिफ्ट दुरुस्त करणारा. पंधरा मिनिटं लागतील. घाबरलात का?"

मी नाही म्हटलं. माझा आवाज मात्र हो म्हणाला असणार, कारण तो म्हणाला, बोलत राहा, म्हणजे तुम्ही ठीक आहात हे मला कळत राहील. आता बंद दाराआडच्या अनोळखी माणसाशी काय बोलायचं? हवापाणी बोलून झालं, पावाचे वाढलेले भाव बोलून झाले. शेवटी मी म्हटलं, माझ्याकडे मँडोलिन आहे... वाजवू का? बाहेरून "वाजवा की," आणि त्या दोन शब्दांत हसू होतं.

त्या दिवसांत एक गाणं सगळीकडे वाजत होतं. दुकानांत, जिन्यांत, ज्याच्या त्याच्या फोनवर. यंत्राचे ठोके आणि त्यावर एक बाई प्रेमभंगाने ओरडते, असं ते गाणं. मला तेच सुचलं. भीतीने बोटं जड झाली होती, त्यामुळे ते फारच रेंगाळत निघालं. तेवढ्यात बाहेरून पान्याचा आवाज यायला लागला. ठक ठक, ठक ठक. तो ताल धरत होता, माझ्यापेक्षा दुपटीने भरभर. "पळवा त्याला," तो म्हणाला. मी पळवलं, आणि तो बाहेरून गायला लागला. शब्द तेच, चाल तीच, पण ते गाणं जणू डोंगरातल्या एखाद्या घराच्या ओट्यावर बसून कुणी शेंगा सोलता सोलता म्हणावं तसं झालं. मी ते गाणं शंभरदा ऐकलं होतं; ते दुःखाचं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दार उघडलं तेव्हा चौथ्या मजल्याची जमीन माझ्या डोक्याच्या उंचीला होती. त्यामुळे आधी बूट दिसले, मग गुडघे, आणि मग तो पोटावर आडवा झाला तेव्हा चेहरा.

"आधी मँडोलिन द्या," तो हात पुढे करून म्हणाला. "माणूस नंतर."

खरं म्हणजे मी रागवायला हवं होतं. मी पेटी दिली. पंधरा मिनिटांची चाळीस कशी झाली हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितलं. बिघाड दहाव्या मिनिटालाच सापडला होता. त्याला गाणं संपवायचं होतं.

पुढच्या आठवड्यात तो दुकानात आला. डोळे तपासायचे म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं, अंधार केला, एक डोळा झाकला आणि समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचायला सांगितली. दिसत नाही म्हणाला. भिंग बदललं — नाही. पुन्हा बदललं — अंहं. नंबर तपासताना माणसाच्या चेहऱ्याजवळ वाकावं लागतं, ह्या गोष्टीचा मला सहा वर्षांच्या नोकरीत कधी त्रास झाला नव्हता. त्या दिवशी भिंग उलटं बसवलं.

तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी मी दिवा लावला आणि स्पष्टच सांगितलं, "तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. घारीचे डोळे आहेत."

"मग मला सारखं इथे यावंसं का वाटतं?"

"ते आमच्या खात्यात येत नाही. दुसरीकडे दाखवा."

तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, दाखवतो, रविवारी दुपारी या.

रविवारची दुपार म्हणजे त्यांची तालीम. दातांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवशी बंद असायचा, आणि बाहेरच्या खोलीत, बत्तिशीच्या चित्रांखाली हे तिघं वाजवायचे. डॉक्टर स्वतः त्यांच्यापेक्षा हातभर उंच असा बास, म्हणजे उभं धरायचं राक्षसी व्हायोलिन, वाजवायचे. एका शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणायचे, व्हायोलिन वाजवायच्या, आणि चुकलेल्या माणसाकडे अजूनही शाळेत बघायच्या तशाच बघायच्या. आणि तो बँजो वाजवायचा, गोल चामड्याच्या पोटाचा, लांब मानेचा. उजव्या हाताच्या तीन बोटांत धातूची नखं चढवून तो असा सुटायचा की बोटं मोजता येऊ नयेत. अमेरिकेतल्या डोंगरांतल्या ह्या वाजवण्याला ब्लूग्रास म्हणतात, हे मला तिथे कळलं. ढोल नाही, यंत्र नाही, नुसत्या तारा आणि गळे. आणि गाणी मात्र आजची, लोकांच्या तोंडी असलेली. लोक कार्यक्रमाला हसायला यायचे, की अरे हे तर ते गाणं, आणि अर्ध्यावर गप्प व्हायचे.

त्यांची आणखी एक रीत होती. सगळ्यांत मिळून माइक एकच. ज्याची पाळी त्याने पुढे सरकायचं, झालं की मागे, आणि हे सगळं न बोलता, नुसत्या नजरेने. दोघांनी मिळून गायचं असेल तर दोघांचे चेहरे त्या एका माइकपाशी वीतभर अंतरावर यायचे. माझा सूर त्याच्या वर जुळतो हे बाईंनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं. देव त्यांचं भलं करो... का करो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो गळ्यासाठी लवंग चघळायचा. मला आजही कुठे लवंगेचा वास आला की वरचा सूर लागतो.

दोन-तीन रविवारांत तुम्हीचं तू झालं. आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्याने मला त्यांचा नियम सांगितला. स्वतःची गाणी करायची नाहीत. पूर्वी तो आणि त्याचा जिवलग मित्र मिळून गाणी करायचे. त्यातलं एक चाललं, बरंच चाललं, आणि मित्र म्हणाला, हे माझं एकट्याचं. वर्षभर भांडले, मग बोलणंही बंद झालं. "ते गाणं पडलं असतं ना, तर तो आज इथे बसून चहा पीत असता," तो बँजोच्या तारा पुसत म्हणाला. "म्हणून दुसऱ्यांचीच गाणी. भांडायला काही उरतच नाही."

मी मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात मी स्वतःचं गाणं केलं.

ठरवून नाही केलं. दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, डोळ्यांचे नंबर लिहायच्या चिठ्ठ्यांच्या मागे, चार ओळी आल्या, मग आणखी चार. पहिलं कडवं असं होतं:

बंद दाराच्या पल्याड कोण तू,
नाव ना गाव, ना तोंड ओळखीचे...
बोलत राहा रे, बोलत राहा तू,
उघडले दार, तर काय बोलायचे?

हे मी त्याला एकट्याला म्हणून दाखवणार होते. नियमाबियमाचं मग बघता येईल; एवढं ऐकल्यावर त्याला नियम आठवणारही नाही, असा माझा हिशेब. पण त्या रविवारी डॉक्टर म्हणाले, कार्यक्रमाच्या शेवटी एखादं नवं गाणं हवं. प्रत्येकाने काही सुचवलं, प्रत्येकाचं बाईंनी खोडून काढलं, आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. मला काय झालं कोण जाणे. मी तेच गायले.

संपलं तेव्हा बाईंनी गज खाली ठेवला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता, इतका, की तसा चेहरा माझ्याकडे बघताना मी कधी पाहिला नव्हता.

"कुणाचं आहे?" त्याने विचारलं.

एक शब्द बोलायचा होता. पण नियम होता, आणि तो मित्र होता, आणि हा उजेड माझ्या त्या एका शब्दाने विझेल असं वाटलं. "बाबांच्या वहीत होतं," मी म्हटलं. "जुनं काहीतरी. कुणाचं ते नाही माहीत."

बाबा एका हॉटेलच्या वाद्यवृंदात वाजवायचे, मँडोलिन त्यांचंच. त्यांना जाऊन सात वर्षं झाली, तेव्हा साक्षीला येणार नव्हते. मात्रा जुळाव्यात म्हणून घातलेल्या एका शब्दाने माझी उरलेली बाजू सांभाळली. "पल्याड," डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "आता कोण लिहितं असं!" आणि तो तर हरखूनच गेला होता. जुनी माणसंच अशी लिहू शकतात म्हणाला. सरळ, आडपडदा न ठेवता.

मला वाटलं होतं की तो ओळखेल. बंद दार, पलीकडून आवाज, बोलत राहा — आणखी किती सोपं करून लिहायचं माणसाने? पण जुनं म्हटल्यावर त्याने त्यात स्वतःला शोधलंच नाही. वही बघायला मागितली, मी हरवली म्हणून सांगितलं. मग त्याने ते गाणं दुपटीने पळवलं. संथ म्हटलं की लोक तिथेच रडून मोकळे होतात, म्हणाला. पळवलं की नाचतात, आणि घरी जाऊन रडतात.

त्याचं खरं झालं. पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी ते दोनदा म्हणायला लावलं. पुढच्या महिन्यापासून तर लोक त्याच्यासाठीच यायला लागले. आणि तो दर वेळी माइकपाशी येऊन सांगायचा, "हे कुणी लिहिलं, माहीत नाही. पण जी कोण असेल ती... भेटली असती ना, तर मी तिच्याशी लग्नच केलं असतं." लोक हसायचे. मी वीतभर अंतरावर उभी, मीही हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा तालमीहून परतताना पाऊस आला. छत्री माझी, धरली त्याने, आणि धरली ती सगळी माझ्या बाजूला; त्याचा उजवा खांदा पार भिजला. मला कधी सोडून जाऊ नकोस, तो म्हणाला. मी थांबलेच. मग म्हणाला, मँडोलिनवाले मिळत नाहीत हल्ली.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सांग."

"...खांदा भिजतोय तुझा."

भीड भिकेची बहीण, असं आई म्हणते. मी चार महिने भीक मागत होते, आणि तीही मनातल्या मनात.

मग अल्बम करायचं ठरलं. एका ओळखीच्या माणसाने घराच्या मागच्या खोलीला गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. दोन दिवसांत बारा गाणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आणि बाई चहाला बाहेर गेले, आणि छापायला द्यायची यादी त्याने माझ्या हातात ठेवली, एकदा नजर टाक म्हणून. प्रत्येक गाण्यापुढे मूळ गीतकाराचं, संगीतकाराचं नाव त्याने मेहनतीने शोधून लिहिलं होतं. ह्या बाबतीत तो फार काटेकोर, कुणाचं श्रेय बुडू द्यायचा नाही. सहाव्या ओळीत लिहिलं होतं: गीतकार अज्ञात, चाल पारंपरिक.

ते छापलेलं दिसेल, आणि मग कायमचं तेच राहील.

"हे माझं आहे," मी म्हटलं.

"काय?"

"सहावं गाणं. मी लिहिलंय. चालही माझी. बाबांची वही वगैरे काही नव्हतं."

तो बोटांतली नखं काढत होता. एक काढून टेबलावर ठेवलं, मग दुसरं. "आज सांगतेयस?"

"आधीच सांगणार होते..."

"चार महिने होते ना. आज छापायला जातंय, आणि आज आठवलं?"

"तू अज्ञात लिहिलंयस म्हणून," मी म्हणाले, आणि तोंडातून निघताक्षणी मला ते त्याच्या कानांनी ऐकू आलं. असंच काहीतरी त्याचा मित्र बोलला असणार. मी सावरायला गेले. "मला नाव नको आहे. नको लिहूस. ते गाणं तुझ्यावर आहे. लिफ्टमधलं आहे ते. मला तू... पहिल्या दिवसापासून तू मला..."

वाक्य पुरं झालं नाही. पण इतकं स्वच्छ अर्धं वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते.

त्याने तिसरं नख काढून ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आता हे पण?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. अडकलेल्या माणसांशी बोलायचा तो त्याचा शांत आवाज; त्याच आवाजात त्याने मला समजावलं, की गाणं चालायला लागलं की त्याचे आईबाप दहा निघतात, त्याला सवय आहे, तो आता कुणाशी भांडणार नाही, आणि यादी आहे तशीच जाईल. मी मँडोलिन पेटीत ठेवलं आणि घरी आले. पुढच्या रविवारी गेले नाही.

आईपासून लपणार ते काय. तीन दिवसांत तिने सगळं काढून घेतलं, आणि मग एकच धोशा: "त्या चिठ्ठ्या आहेत ना तुझ्याकडे? तारखा आहेत त्यांवर. दाखव की जाऊन."

मी म्हटलं, नाही दाखवणार. मी काही कोर्टात उभी नाही. आवडतोस म्हणून सांगायला गेले होते, त्याला कागद जोडायचे का? आई म्हणाली, तुझा ताठा तुलाच नडेल. नडला तर नडू दे, मी म्हटलं, आणि रात्रभर उशी भिजवली. त्या महिन्यात अल्बम निघाला. खालच्या बेकरीत दिवसातून चारदा माझंच गाणं लागायचं. एक आजीबाई चष्मा घ्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, हे आम्ही लहानपणी म्हणायचो. मी त्यांचा नंबर लिहिला आणि बरं म्हटलं.

आणि मग आईची दाढ दुखायला लागली. गावात दातांचे सतरा डॉक्टर. ही गेली नेमकी आमच्या बासवाल्या डॉक्टरांकडे, आणि पर्समध्ये माझ्या चिठ्ठ्या घेऊन. दाढ खरंच दुखत होती की नाही, हे ती अजूनही सांगत नाही.

मंगळवारी दुपारी तो दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, म्हणून बाकावर बसून राहिला, हातात पाकीट. गिऱ्हाईक गेल्यावर उठला. वाळला होता जरा. त्याने चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. पहिलीवर 'लिफ्टच्या पल्याड' लिहून खोडलेलं दिसत होतं. शेजारी अल्बम ठेवला, नवा छापलेला. सहाव्या ओळीत माझं नाव होतं, ठळक. गीतही माझं, चालही माझी.

त्याने माफी मागितली. चांगली मागितली, खोटं कशाला बोलू. मनापासून, नजर न चुकवता. जुने सगळे परत मागवलेत म्हणाला. मग जुन्या सवयीने ओठ दाबून हसला. "आणि ती बाई भेटली तर लग्न करीन म्हणालो होतो... सगळ्यांसमोर. ते पण पाळायला तयार आहे."

ह्या वाक्यासाठी मी सहा महिने जगले होते. आणि ते आलं तेव्हा मला फक्त राग आला. वरातीमागून घोडं.

"चिठ्ठ्या आल्या नसत्या तर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तूच म्हणाली होतीस ना, जुनं आहे म्हणून."

"हो. खोटं आधी मी बोलले, ते कबूल. पण ते तुला लगेच पटलं. खरं सांगितलं, तर त्याला पुरावा लागला."

"आता आहे ना पुरावा. मी चुकलो."

"गाण्याचा आहे. दुसरी गोष्ट पण सांगितली होती मी तुला, त्याच दिवशी. तिच्या चिठ्ठ्या नाहीत माझ्याकडे. ती कशावरून पटली तुला?"

ह्यावर त्याने बरंच काही बोलायचा प्रयत्न केला. एकही वाक्य पुरं होईना, आणि अर्ध्या वाक्यांची किंमत काय असते ते त्यानेच मला दाखवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं; त्याने हात पुढे केला, मी चिठ्ठ्या गोळा करायला लागले.

"रविवारी येशील?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही."

"आणि गाणं? ते तर मागतातच लोक."

"गा की," मी म्हटलं. "दुसऱ्यांची गाणी तू छानच गातोस."

तो गेला. जीभ आवरायला हवी होती असं नंतर वाटलं, पण गेलेला शब्द परत येत नाही, आणि आला असता तरी मी तोच बोलले असते. तो मला अजून आवडतो. हे मी आईलाही सांगितलेलं नाही, आणि ह्याला आता मी चालही लावणार नाही.